बिल सारखं वाटायचं, खिसे सारखे नसताना

(वाचकांच्या प्रश्नांच्या या सदरात या वेळी विद्यापीठातल्या मुलामुलींची, एका वडिलांची आणि एका प्राध्यापकांची पत्रं आहेत. उत्तरं देणाऱ्या ताई विद्यापीठाच्या विद्यार्थी विभागात फी आणि शिष्यवृत्तीच्या खिडकीवर नोकरी करून निवृत्त झाल्या आहेत.)

प्रश्न : ताई, मी दुसऱ्या वर्षाला आहे. आमचा सहा जणींचा ग्रुप आहे. सगळ्या चांगल्या आहेत, कुणी मला कधी टाकून बोललेलं नाही. पण दर आठवड्याला काही ना काही निघतंच. कुणाच्या वाढदिवसाची भेट, सिनेमा, सुट्टीतली ट्रिप. शेवटी एक जण मोबाइलवर भागाकार करते आणि ग्रुपवर आकडा टाकते. बाकीच्या पाच मिनिटांत पैसे पाठवून मोकळ्या. मी तो मेसेज उघडतच नाही. शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही आणि बाबांकडे मागवत नाही. डोकं दुखतंय, पाहुणे आलेत, सबमिशन आहे, सगळी कारणं देऊन झाली. परवा एक जण हसत म्हणाली, ‘ही काय, कायमची बिझी!’ खरं सांगितलं तर कीव करतील, नाही सांगितलं तर कंजूस म्हणतील. काय करू?

उत्तर : कारणं संपली ते बरंच झालं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात. तू इतके दिवस निभावलंस म्हणजे कमालच. पण अडचण लपवली की मैत्रिणींना काहीच दिसत नाही, असं नसतं. त्यांना दिसतं ते असं, की ही हल्ली आपल्यात रमत नाही. ‘कायमची बिझी’मधला टोमणा तिथून आलाय. त्यांना तुझ्या पाकिटाची कल्पनाही नसावी, त्या तुझ्यावर रुसल्या आहेत.

आता कंजूसपणाचं. फीची शेवटची तारीख उलटली की आमच्या खिडकीवर दोन तऱ्हेची मुलं यायची. एक म्हणायची, ‘दंड धरून किती झाले?’ आणि मी आकडा सांगेपर्यंत कार्ड पुढे केलेलं असायचं, नजर मोबाइलमध्ये. दुसरी आधी विचारायची, ‘मॅडम, दंड पूर्ण फीवर लागतो की राहिलेल्या हप्त्यावर?’ नियम त्यांना माझ्याइतकाच पाठ. पावती हातात पडली की तिथंच उभं राहून ती वरपासून खालपर्यंत वाचायची आणि घडी घालून पाकिटाच्या आतल्या कप्प्यात ठेवायची. शेजारच्या टेबलावरचे आमचे सहकारी पहिल्यांना बेफिकीर म्हणायचे आणि दुसऱ्यांना चिकट. मला दोन्ही पटायचं नाही. दंड दोघांना एकच होता. पण पहिल्याची चूक घरी एक फोन केला की निस्तरली जायची, दुसऱ्याची चूक त्याच्या पुढच्या महिन्याच्या प्रवासखर्चातून वजा व्हायची. चूक झाली तर ती कोण निस्तरणार, यावरून माणूस पैशाशी कसा वागतो ते ठरतं. स्वभाव त्यानंतर.

हे झालं खिडकीवरचं ज्ञान. पण मानसशास्त्रातही यातलं काही सापडतं. वॉल्टर मिशेल यांचा अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातला प्रयोग तू ऐकला असशील. लहान मुलापुढे एक मार्शमॅलो, म्हणजे साखरेची मऊ मिठाई, ठेवायचा. आत्ता खाल्लास तर एकच, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन. जी मुलं जास्त वेळ थांबली ती पुढे अभ्यासातही सरस निघाली, असा निष्कर्ष गाजला आणि त्यावर संयमाचं महत्त्व सांगणारी उदंड भाषणं झाली. २०१८ साली टायलर वॉट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊशेहून अधिक मुलांची माहिती घेऊन हे पुन्हा तपासलं. घरची परिस्थिती आणि मुलांची लहानपणची बौद्धिक तयारी जमेस धरल्यावर त्या संबंधाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग गळून पडला.

मला स्वतःला सेलेस्ट किड यांनी अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात असताना केलेला छोटा प्रयोग जास्त आवडतो. मुलं फक्त २८. आधी त्यांना सांगितलं, थांबा, चित्रं काढायला छान साहित्य आणून देते. निम्म्यांना ते खरंच आणून दिलं, निम्म्यांना सांगितलं की नाही मिळालं. मग त्यांच्यापुढे मार्शमॅलो ठेवला. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांना तोंडघशी पाडलं होतं ती ३ मिनिटं. त्यांच्यात संयम कमी होता असं कोण म्हणेल? त्यांनी नुकत्याच आलेल्या अनुभवावरून हिशेब केला, इतकंच. शिष्यवृत्ती ‘येईल, येईल’ ऐकत वर्ष काढणाऱ्या मुलीनं ट्रिपला ‘हो’ म्हणायला कचरणं, हाही तसाच सरळ हिशेब आहे. त्याला कंजूसपणा म्हणू नकोस. दुसऱ्या कुणाला म्हणू देऊ नकोस हे सांगणं सोपं आहे, आधी स्वतः म्हणणं थांबव.

मग करायचं काय? पाचही जणींपुढे एकदम बोलायची गरज नाही. त्यांच्यातली जी तुला सगळ्यात जवळची आहे तिला एकटीला गाठ आणि सांग, की माझ्याकडे महिन्याला मोजकेच पैसे असतात, म्हणून मी टाळते, तुमचा कंटाळा येतो म्हणून नाही. घरच्या परिस्थितीची कहाणी सांगायला हवी असं नाही. तुझ्या बाबांचं उत्पन्न किती, हे शिष्यवृत्तीच्या अर्जात लिहावं लागतं, मैत्रीत नाही.

दुसरं म्हणजे, आकडा शेवटी येऊ देऊ नकोस. बेत ठरतानाच तू बोल. ‘मी येते, माझ्याकडून इतके. त्यात बसेल असं ठरवू या, नाहीतर मी नुसती भेटायला येईन.’ पहिल्यांदा हे टाइप करताना बोटं अडखळतील. पाठव. एक मात्र मी खात्रीनं सांगते, खिडकीवर बसून शिकलेय : ज्या रांगेत एक मुलगी धीर करून ‘हप्ते पाडून मिळतील का?’ विचारायची, त्या रांगेतून मागाहून आणखी दोघी-तिघी हळूच तोच अर्ज मागायला यायच्या. तुमच्या सहा जणींत तू एकटीच मेसेज न उघडणारी असशील, हे मला जरा कठीण वाटतं.

आणि ती बिलाची सारखी वाटणी. कॉन्ट्री काढणं सोयीचं असतं खरं, पण ती सोय जिनं जास्त मागवलं तिची. टीटीएमएम, म्हणजे तुझं तू, माझं मी, म्हणायला लाज कसली? वाढदिवसाच्या भेटीला सगळ्यांनी मिळून एक कमाल रक्कम ठरवून घ्या. जिच्याकडे सगळ्यात कमी पैसे असतात तिला परवडेल ती रक्कम, सरासरी नव्हे. ट्रिपसाठी हातउसने घेऊ नकोस. घ्यावेच लागले तर परत करायची तारीख घेतानाच सांग. शिष्यवृत्ती अडकली असेल तर शेवटच्या तारखेच्या आत हप्त्यासाठी लेखी अर्ज दे आणि पोच घे. तोंडी विनंती टेबलावरच राहते.

एखादी कीव करेलही. करू दे. बाकीच्या चौघींचं काय होतं ते बघ.

प्रश्न : माझ्या घरी पैशाची ददात नाही. मी ते कुणाला कळू देत नाही, मुद्दाम साधा राहतो. मागच्या सेमिस्टरला माझ्या रूममेटची परीक्षा फी राहिली होती, तो रात्रभर जागा होता. मी सकाळी त्याला न सांगता भरून टाकली. तेव्हापासून तो माझ्याशी तुटक वागतो. महिन्यातून एकदा माझ्या टेबलावर पाकिटात थोडे पैसे ठेवतो. मी म्हटलं, ‘अरे सोड ना, मला काय गरज आहे त्याची!’ तर तो चिडून खोलीतून निघून गेला. माझं काय चुकलं? माझ्या लेखी पैसा महत्त्वाचा नाही, मैत्री आहे.

उत्तर : फी भरलीस यात काही चुकलं नाही, त्याचं वर्ष वाचलं. न विचारता भरलीस, तिथं चुकलं. त्याला ‘नको’ म्हणायची किंवा ‘दे, पण तीन महिन्यांत फेडीन’ म्हणायची संधीच मिळाली नाही. एका रात्रीत तो तुझा मिंधा झाला आणि खोली एकच असल्यामुळे रोज सकाळी उठून त्याला ते आठवतं.

‘मला काय गरज आहे त्याची’ हे तर त्याहून वाईट. पाकिटात ते थोडे पैसे टाकायला तो काय काय काटछाट करत असेल ते तुला माहीत नाही. आणि तू त्याला सांगितलंस, की तुझी महिनाभराची ओढाताण माझ्या खिजगणतीत नाही. तुला म्हणायचं होतं वेगळं, हे मला कळतं. त्याला ऐकू आलं ते हे.

तेव्हा पुढचं पाकीट आलं की ते घे. त्याच्यासमोर मोज, एका कागदावर तारीख आणि रक्कम लिही, ‘इतके राहिले’ म्हण. तुला अवघडल्यासारखं होईल, त्याला बरं वाटेल. संपूर्ण रक्कम फिटेपर्यंत उरलेले पैसे माफ करण्याचा विषय काढू नकोस. त्याला कमी पडत असतील तर तो हप्ता लहान करेल, तो त्याचा प्रश्न.

आता तुझ्या साधेपणाविषयी. साधा राहतोस, छान आहे. पण ते लपलंय असं समजू नकोस. कपडे साधे घालता येतात. विभागप्रमुखांच्या केबिनवर टकटक करून सरळ आत जायची सवय कशी लपवणार? मोफत इंटर्नशिप करायला दोन महिने दुसऱ्या शहरात राहायचं ठरलं, तर तू बॅग भरतोस, तो आधी भाडं कुठून येणार ते बघतो. पिएर बोर्द्यू नावाचे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ होते. दक्षिण फ्रान्समधल्या एका खेड्यातल्या पोस्टात काम करणाऱ्याचा हा मुलगा पॅरिसच्या नामांकित संस्थेत शिकला, तेव्हा दोन्हीकडचं जग त्यांनी आतून पाहिलं होतं. बँकेतल्या रकमेबरोबर बोलणं, आवडीनिवडी, कुठं कसं वावरायचं याची उपजत वाटणारी जाण, हीसुद्धा एक पुंजीच असते आणि तीही घरातूनच मिळते, हे त्यांनी मांडलं. तुझ्याकडे ती पुंजी आहे. ती वाटली तर कुणी मिंधं होत नाही. कुठल्या प्राध्यापकांना मेल करायचा, इंटर्नशिपचा अर्ज कसा लिहायचा, मुलाखतीला काय विचारतात, कोणत्या जागा पगारी आहेत, हे तुला काका-मामांकडून सहज कळतं. ते तू रूममेटला सांगत जा, तेही गप्पांच्या ओघात, शिकवणी घेतल्यासारखं नको. उलट परीक्षेच्या आधी त्याच्याकडून चार गोष्टी समजून घे. बरोबरी तिथून सुरू होईल.

पैसा महत्त्वाचा नाही, हे वाक्य मात्र त्याच्यापुढे पुन्हा उच्चारू नकोस.

प्रश्न : मी साध्या नोकरीतला माणूस. मुलगा विद्यापीठात पहिल्या वर्षाला आहे, आमच्या घरातून तिथवर पोचलेला पहिलाच. त्याची शिष्यवृत्ती एकदम जमा झाली आणि त्यानं आधी काय घेतलं असेल, तर महागातले बूट. मी दोन वेळा सोल बदलून एक जोडा वापरणारा. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे शिकवण्यात मी कमी पडलो का? बूट परत करायला लावू का?

उत्तर : परत करायला लावू नका. आणि आधी एक विचारते, भाऊ : बाकीच्या पैशांचं त्यानं काय केलं? तुमच्या पत्रात बुटांखेरीज एक अक्षर नाही. वसतिगृहाचं भाडं दिलं का, पुस्तकं घेतली का, काही शिल्लक ठेवलं का? ते दिलेलं असेल तर तुमचा मुलगा उधळ्या नाही.

बुटांचं म्हणाल तर अर्थशास्त्राचे आद्य पंडित अॅडम स्मिथ तुमच्या मुलाच्या बाजूनं उभे राहिले असते. १७७६ साली त्यांनी लिहून ठेवलंय, की लिननचा सदरा जगायला काही लागत नाही. प्राचीन ग्रीक आणि रोमन लोक त्याच्याविना मजेत राहिले. पण आपल्या काळात रोजंदारीवरच्या भल्या माणसालाही तो सदरा अंगात नसेल तर चारचौघांत जायची लाज वाटेल. इंग्लंडमधल्या चामड्याच्या बुटांविषयीही त्यांनी हेच म्हटलं. चारचौघांत मान खाली न घालता वावरता येईल इतकं जे लागतं, ते त्यांनी गरजेच्या खात्यात मांडलं, चैनीच्या नाही. तुमचा मुलगा ज्या वर्गात बसतो तिथं पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या नजरा कुठे जातात ते त्यानं पाहिलेलं आहे. तुम्ही नाही. बूट इतके महागाचे हवे होते का? नसतीलही. पण हौस आणि लाज यांत फरक आहे, आणि दुसऱ्या गोष्टीपायी झालेल्या खर्चावर ओरडून उपयोग होत नाही.

मला त्याहून जास्त काळजी वाटते ती पैसे एकदम येण्याची. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांवर एक अभ्यास झाला होता, २०१३ साली तो ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. ४६४ शेतकरी. त्यांना तर्काची कोडी एकदा ऊस तोडणीच्या आधी, हात तंग असताना घातली आणि एकदा तोडणीनंतर, पैसे आल्यावर. तीच माणसं, पण हात तंग असताना त्यांचं डोकं कमी चाललं. चणचण मनाचा एक कोपरा अडवून बसते. तुमच्या मुलाचं वर्षही असंच, बरेच महिने कोरडे आणि एक महिना सुगीचा. कोरड्या महिन्यांत उद्याचा विचार सुचत नाही आणि सुगीत तुंबलेल्या सगळ्या इच्छा एकदम वर येतात. आमच्या खिडकीवर शिष्यवृत्ती जमा झाल्याचं कळायला आलेल्या मुलांचे चेहरे दुपारी एक आणि पुढच्या महिन्यात एक असायचे.

पुढच्या वेळी रक्कम जमा झाली की त्याच दिवशी दोघांनी फोनवर बसून तिचे भाग पाडा. फी आणि भाडं बाजूला. उरलेल्याला महिन्यांनी भागा आणि ते वेगळ्या खात्यात ठेवून महिन्याच्या महिन्याला काढू दे. त्यात एक छोटा भाग असा ठेवा, ज्याचा हिशेब तुम्ही विचारणार नाही. आणि एकदा त्याला ते बूट घालून घरी येऊ द्या, सोलची गोष्ट त्या दिवशी नको.

प्रश्न : मी प्राध्यापक आहे. आमचा अभ्यासदौरा ऐच्छिक असतो, तरी दरवर्षी काही ठरावीक मुलं ‘वैयक्तिक कारण’ लिहून गळतात. मी वर्गात विचारलं, कुणाला आर्थिक अडचण आहे का? विभागाकडे थोडा निधी आहे. एकही हात वर झाला नाही. मदत द्यायची असून घ्यायला कुणी नाही, हे कसं?

उत्तर : सर, साठ जणांसमोर हात वर करून ‘मी गरीब’ कोण म्हणेल?

दौऱ्यावर अहवाल आणि अहवालावर गुण असतील, तर तो ऐच्छिक नाही. ते आधी तपासा. मग दौऱ्याचा संपूर्ण खर्च, वरखर्च धरून, सत्राच्या सुरुवातीलाच लेखी द्या. ‘किरकोळ खर्च वेगळा’ या ओळीला ही मुलं सर्वात जास्त घाबरतात, कारण किरकोळ म्हणजे किती हे तुम्ही लिहीत नाही. मदतीचा रकाना सगळ्यांनी भरायच्या फॉर्ममध्येच ठेवा, म्हणजे फॉर्म मागायला वेगळं यावं लागणार नाही.

अँथनी अब्राहम जॅक या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी तिथल्या नामवंत विद्यापीठांतल्या गरीब मुलांवर बरंच काम केलंय, ते स्वतः अशाच घरातले. सुट्टीत भोजनगृह बंद ठेवायचा नियम करताना सगळी मुलं घरी किंवा फिरायला जातात असं गृहीत धरलेलं असतं. ज्यांच्याकडे परतीच्या तिकिटाचे पैसे नाहीत ती मुलं तिथंच उपाशी राहतात, हे त्यांनी दाखवून दिलं. प्राध्यापक ‘माझ्या वेळेत येऊन भेटा’ म्हणतात, तेव्हा त्या वेळेत नक्की काय करायला जायचं असतं, हेही पुष्कळांना माहीत नसतं. कुणी सांगितलेलंच नसतं. तुमच्या मुलांनाही ‘विभागाकडे निधी आहे’ म्हणजे कर्ज की दान, की गुणांवर परिणाम, ते कळलं असेल का?

त्यासाठी तुम्ही बोलण्यापेक्षा शेवटच्या वर्षातल्या दोघा-तिघांना बोलवा, वेगवेगळ्या परिस्थितीतले. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ निकोल स्टीफन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एवढंच केलं होतं. वरच्या वर्गातल्या मुलांनी सुमारे तासभर नव्या मुलांना आपले अनुभव सांगितले आणि घरची पार्श्वभूमी काय होती, त्यामुळे काय अडलं, काय उपयोगी पडलं तेही सांगितलं. घरातून पहिल्यांदाच विद्यापीठात आलेली मुलं आणि बाकीची मुलं यांच्या गुणांतली तफावत वर्षअखेर ६३ टक्क्यांनी कमी झाली. ती मुलं शिक्षकांकडे मदत मागायलाही जास्त जाऊ लागली.

पैसे मुलाच्या हाती देऊन ‘भर’ म्हणू नका, त्याच्या नावाची पावती परस्पर फाडा. यादी भिंतीवर नको. आणि दौऱ्याची तारीख शिष्यवृत्ती जमा झाल्यानंतरची धरा. ती कधी जमा होते हे विद्यार्थी विभागात विचारलंत तर सांगतील. निदान मागच्या वर्षी कधी झाली होती, तेवढं तरी.